बूट चावतो कुठे आणि वाकतो कुठे?

मागच्या भागाखाली एका प्रेक्षकाने विचारलं होतं, की स्कीइंगचे बूट पायाला नीट कसे बसवतात. मी राहतो कोलकात्यात, गार्डन रीचला. इथे बर्फ फक्त मासळीबाजारात दिसतो! पण कडक बूट आणि मऊ पाय यांचं भांडण मी रोज पाहतो. म्हणून आज सेफ्टी शूजबद्दल बोलू. स्कीच्या बुटांचं उत्तरही त्यातच मिळेल.

गार्डन रीच म्हणजे हुगळीकाठची जहाजांची वस्ती. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका, १९६१ची ‘आयएनएस अजय’, इथल्याच गार्डन रीच शिपबिल्डर्सची. मी मात्र एका लहानशा खासगी वर्कशॉपमध्ये सुरक्षेचं काम पाहतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे बूट आले. मी नंबर विचारले, वाटप केलं, सह्या घेतल्या. आठवड्याभरात एक हेल्पर लंगडायला लागला. मी म्हटलं, “नवे आहेत, होतील सैल.” आपण नव्या कोल्हापुरीबद्दल म्हणतो ना, तसंच. एका संध्याकाळी त्याने बूट काढून चप्पल घातली आणि नेमका तेव्हाच लोखंडी अँगल पायावर पडला. दोन बोटं मोडली. बूट शेजारीच होते. चूक त्याची लिहिली गेली, पण अर्धी माझी होती.

कोल्हापुरी सैल होते, कारण ती सगळी चामड्याची. सेफ्टी शूजच्या पुढच्या भागात पोलादाची किंवा कंपोझिटची टोपी असते. भारतीय मानक आयएस १५२९८ च्या सेफ्टी शूजमध्ये ही टोपी २०० ज्यूलचा आघात झेलते. म्हणजे साधारण २० किलोचं वजन १ मीटरवरून पडावं तेवढा. अशी टोपी वापरून सैल होईल कशी? ती ठोकून किंवा घासून मोठी करायचीही नाही, कारण मग ती टोपीच राहत नाही. स्कीच्या बुटाचं प्लास्टिकचं कवच गरम करून हवं तिथे फुगवता येतं. आपल्याला ती सोय नाही. म्हणून कडक भाग निवडायचा आणि मऊ भाग जुळवायचा.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभराने पाय सुजलेला असतो. कामावरचे मोजे घालून, उभं राहून, दोन्ही पायांचं घ्या. जो पाय मोठा, त्याचा नंबर धरा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. करंगळी टोपीला घासत असेल तर नंबर वाढवू नका, रुंद मापाचा बूट मागा.

का? कारण बूट वाकतो कुठे, हा खरा प्रश्न आहे. आपला पाय चवड्यापाशी, बोटांच्या मुळाशी वाकतो. बुटाची घडीही तिथेच पडायला हवी. बूट लांब असला की घडी पुढे सरकते आणि टोपीची मागची कड बोटांवर रुतते. उभं असताना हे कळतच नाही. वेल्डर मात्र अर्धा दिवस उकिडवा बसतो. त्या हेल्परचं नेमकं हेच झालं होतं. रुंदी कमी पडली, म्हणून मी त्याला एक नंबर मोठा बूट दिला होता! तेव्हा बूट घालून उकिडवं बसा, चवड्यावर उभे राहा, शिडीच्या दोन पायऱ्या चढा, मगच सही करा.

स्कीच्या बुटात तळ वाकत नाही, वाकायचं ते घोट्यापाशी. गुडघे पुढे झुकवले की नडगी बुटाच्या जिभेवर सारखी टेकायला हवी आणि टाच उचलली जाता कामा नये. त्यांच्या कडकपणाचा आकडाही प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. आकड्यापेक्षा पायाचं ऐका, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

आता मऊ भाग. टाच उचलली जात असेल तर वरच्या दोन भोकांमध्ये लेसचा फास करून घोट्याशी आवळा. पावलाचा वरचा भाग दुखत असेल तर तिथलं एक भोक सोडून लेस ओवा. इनसोल बदलायचा तर त्याच कंपनीचा घ्या. भलताच घातला तर टोपीखालची जागा कमी होते आणि बुटाचा अँटिस्टॅटिक गुणही बिघडू शकतो. सुरुवातीचे काही दिवस थोडे थोडे तासच घाला.

आमच्याकडच्या पावसाळ्यात बूट भिजणारच. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. शेगडीजवळ ठेवले तर चामडं तडकतं. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत नुसता पडूनही भुसभुशीत होतो, म्हणून जुना साठा वाकवून पाहिल्याशिवाय वाटू नका. आणि टोपीवर एकदा जोरदार आघात झाला, की बूट बाद. वरून धड दिसला तरी बाद.

हल्ली आमच्याकडे नवे बूट आले, की स्टोअरसमोर माणसं ओळीने उकिडवी बसतात. नवखी पोरं हसतात. पण कोणी “दादा, इथे लागतंय” म्हणालं, की तो जोड मी तिथेच परत घेतो. ‘होतील सैल’ हे शब्द मी सोडून दिलेत. तुमच्या कारखान्यातही कोणी लंगडताना दिसलं, तर आधी त्याला खाली बसवून बूट कुठे वाकतो ते पाहा.