कंपनी बुडाली, घड्याळ चालू आहे

कपाटातलं जुनं एचएमटीचं घड्याळ काढून चावी दिली, की ते पुन्हा टिकटिक करू लागतं. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला, हे त्या घड्याळाच्या गावीही नाही. त्याचा सगळा जीव त्याच्या स्प्रिंगमध्ये आणि चक्रांमध्ये आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतली पेबल ही स्मार्टवॉच कंपनी बंद पडली, तेव्हा मात्र तिच्या घड्याळांचा अर्धा जीव भलतीकडेच होता, हे मालकांच्या लक्षात आलं.

पेबलचा जन्मच लोकवर्गणीतून झाला. एरिक मिगिकोव्हस्की या कॅनडाच्या तरुण अभियंत्याने एप्रिल २०१२ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर एक लाख डॉलर मागितले. ६८,९२९ जणांनी मिळून एक कोटीहून जास्त दिले! घड्याळ दिसायला साधं होतं. चार बटणं आणि काळा-पांढरा पडदा. पण हा पडदा जरा जवळून पाहा. आडवे १४४ आणि उभे १६८, म्हणजे एकूण २४,१९२ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, एवढंच सांगायचं असल्याने पडद्यावरचं अख्खं चित्र ३,०२४ बाइटांत मावतं. तुम्ही वाचताय तो हा छोटासा लेख साठवायलाही याच्या दुपटीहून जास्त जागा लागते. शिवाय प्रत्येक ठिपका आपला रंग स्वतःच लक्षात ठेवतो. चित्र बदललं नाही, तर वीज जवळजवळ लागतच नाही. म्हणून एकदा चार्ज केलेलं हे घड्याळ आठवडाभर चालायचं.

वेळ दाखवणं मनगटावर व्हायचं. हवामान, नवी ॲप, बोललेलं अक्षरांत उतरवणं ही कामं मात्र दूरच्या सर्व्हरवर. कंपनी आटोपली तेव्हा फिटबिट या कंपनीने पेबलचं सॉफ्टवेअर घेतलं, काही माणसं घेतली, पण घड्याळांचा धंदा घेतला नाही. वॉरंटी संपली. जी मॉडेल अजून बनायची होती ती रद्द झाली आणि आगाऊ पैसे भरलेल्यांना ते परत मिळाले. सर्व्हर तेवढे फिटबिटने ३० जून २०१८ पर्यंत चालू ठेवले.

पुढे जे घडलं, ते मला आजही विलक्षण वाटतं. फोनमधलं पेबलचं ॲप सुरू होताना आधी एका ठरावीक पत्त्यावर जायचं आणि तिथून एक यादी आणायचं : हवामान अमुक ठिकाणी विचारायचं, ॲप तमुक ठिकाणाहून आणायची. हा पहिला पत्ता बदलता येत होता. रेबल नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने तेवढीच फट पकडली. त्यांनी पेबलच्या ॲपचं भांडार वेळेत उतरवून घेतलं, स्वतःचे सर्व्हर उभे केले आणि वेगळी यादी लिहिली. मालकाने फोनवर एक पान उघडायचं, पत्ता बदलायचा, बस्स. घड्याळाचा एकही स्क्रू न काढता त्याला नवं घर मिळालं. हवामान आणि बोलून लिहिण्याच्या सोयीला खर्च येतो, म्हणून ज्यांना त्या हव्यात ते महिन्याला तीन डॉलर वर्गणी भरू लागले. गॅजेटब्रिज हे मोफत अँड्रॉइड ॲप तर घड्याळ फोनला जोडताना कंपनीचा सर्व्हर मागतच नाही.

पुढे फिटबिट गूगलकडे गेली आणि २७ जानेवारी २०२५ रोजी गूगलने पेबलच्या प्रणालीचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षी मिगिकोव्हस्की यांनी तीच प्रणाली घालून पुन्हा घड्याळं बनवायला घेतली.

पेबल तगलं, कारण त्याच्यावर जीव लावणारी माणसं होती आणि त्यांना आत शिरायला एक दार उघडं होतं. प्रत्येक उपकरणाचं नशीब असं नसतं. म्हणून तुमच्या मनगटावर स्मार्टवॉच असेल, तर एक दिवस हे करून पाहा. फोनचं इंटरनेट बंद ठेवा, ब्लूटूथ चालू राहू द्या. त्या दिवशी घड्याळ जेवढी कामं करेल, तेवढंच ते खरं तुमचं आहे. नवं घेण्याआधी दुकानदारालाही विचारा : इंटरनेट नसताना हे घड्याळ काय काय करेल?