अणू कोणाचा, रेणू कोणाचा?

कॉमर्सच्या विद्यार्थिनीने रसायनशास्त्रावर लिहावे, हे पाहून सायन्सचे प्राध्यापक कपाळाला हात लावतील. पण दहावीनंतर मिटलेले ते पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत मला पुन्हा उघडावे लागले. बुऱ्हाणपूरजवळ बहादरपुरला माझी मामेबहीण राहते. ती हिंदी माध्यमातून नववीत शिकते. माझी शाळा मराठी. "ताई, केमिस्ट्री समजावून दे ना," ती म्हणाली आणि मी मोठ्या ऐटीत शिकवायला बसले.

पहिल्याच दिवशी मी सांगितले, "रासायनिक अभिक्रियेत अणूंची संख्या बदलत नाही." तिने ते वाक्य जसेच्या तसे पाठ केले आणि शिकवणीच्या चाचणीत हिंदीत उतरवले. उत्तर चूक ठरले, गुण गेले. मी तावातावाने तिचे पुस्तक उघडले, आणि गप्प बसले. तपासणारे बरोबर होते आणि मीही बरोबर होते!

गोष्ट अशी. मूलद्रव्याचा, त्याचे रासायनिक गुण राखणारा सर्वांत लहान कण म्हणजे मराठीत अणू. असे अणू बंधाने जोडले गेले की रेणू. हिंदीत मात्र पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणजे आमचा अणू तो त्यांचा अणु नव्हेच! आपल्या अंकाच्या कन्नड विभागातले मित्रही हिंदीसारखेच परमाणु आणि अणु म्हणतात; इथे मराठीच एकटी पडते. वैशेषिकांना विचारावे तर तेही दोन्हीकडून बोलतात: मूळ कणाला परमाणू म्हणतात, पण दोन परमाणूंच्या जोडीला द्व्यणुक. असो.

आता माझे वाक्य तपासू. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. रेणू तीन होते, दोन उरले. अणू मात्र आधी सहा, नंतरही सहाच. मराठीत माझे वाक्य खरे. तेच हिंदीत वाचले तर तीनचे दोन झाले, म्हणून साफ खोटे.

आम्हा कॉमर्सवाल्यांना हे पटकन पटावे. समीकरण संतुलित करणे म्हणजे जमा आणि नावे जुळवणेच. गठ्ठे किती, हे बदलेल. आतला माल कमी होणार नाही. हा हिशेब रसायनशास्त्रात पक्का करणारा लाव्हाझिए हा फ्रान्समध्ये करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या कंपनीचा भागीदार होता! प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर सारे तराजूत घालण्याची त्याची शिस्त. त्याचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक १७८९ साली निघाले. १७९४ साली क्रांतिकारकांनी त्याचा शिरच्छेद केला, तो करवसुलीपायीच. मोल ही कल्पनाही आमच्याच दुकानातली वाटते: डझन म्हणजे १२, ग्रोस म्हणजे १४४, तसा मोल म्हणजे सुमारे ६०२ वर २१ शून्ये इतके कण.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून मी तिला कुंडी भंडाऱ्याचे उदाहरण घेतले. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी भुयारातून बुऱ्हाणपूरला आणले गेले. भुयारावर ओळीने शंभरावर कुंड्या आहेत. आत उतरले की भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात. पाणी जमिनीतून येताना त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. भुयारात हवा लागली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट भिंतीला धरते. हिशेब मांडा: कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १. बायकार्बोनेटचे १६२ भाग गेले. कार्बोनेटचे १००, पाण्याचे १८ आणि वायूचे ४४ आले. बेरीज १६२. एक पैही इकडची तिकडे नाही! आपल्या घरी चहाच्या पातेल्याला जो थर बसतो तोही हाच, फक्त तिथे काम उष्णता करते.

इथे मी पुन्हा घसरले. "या पाण्यात क्षार आहेत," म्हणाले. ती लगेच म्हणाली, "म्हणजे लाल लिटमस निळा होणार?" मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून मिळणारा पदार्थ, मीठ हे त्याचे घरगुती उदाहरण. हिंदीत त्याला लवण म्हणतात, कन्नडमध्येही लवणच. आणि हिंदीतला क्षार म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीचा, आपला अल्क. योगायोगाने असे पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असते, म्हणून तिचा अंदाज अगदीच वाया गेला नाही. पण मला ते म्हणायचे नव्हते.

संयुजा आणि संयोजकता, संयुग आणि यौगिक, हे शब्द निदान वेगळे दिसतात. माणूस सावध होतो. फसवतात ते सारखे दिसणारे.

मग तिने वहीत रकाने पाडले: मराठी, हिंदी, इंग्रजी. चौथा कन्नडचा रकाना मी माझ्यासाठी आखून घेतला आणि होस्टेलवर परतल्यावर मैत्रिणीकडून भरून घेतला. परवा फोनवर तिची उजळणी घेतली. रेणूला हिंदीत काय म्हणतात, विचारले. "परमाणु," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, "नाही नाही, थांब ताई, खोडते."