वाग्यू खायला गाईड कशाला?

‘वाग्यू’ म्हणजे जपानी गुरं. त्यात चार जाती येतात. कोबे बीफ हा त्यातलाच एक प्रकार, ह्योगो प्रांतातल्या ताजिमा वंशाच्या गुरांचा. म्हणजे प्रत्येक कोबे वाग्यू असतं, पण प्रत्येक वाग्यू कोबे नसतं. हॉटेलबाहेरच्या ‘ए५’ पाटीवरूनही ते कळत नाही. ‘ए’ म्हणजे जनावरामागे मांस किती निघालं आणि ‘५’ म्हणजे त्याचा दर्जा. गाव त्यात कुठेच नाही.

खासगी गाईडचे पैसे वसूल होतात ते इथे. जपानमध्ये प्रत्येक जनावराला १० आकडी ओळख क्रमांक असतो, त्यावरून ते कुठे वाढलं हे ऑनलाइन पाहता येतं. गाईडला तो क्रमांक जेवणाआधीच विचारायला लावा, बिल आल्यावर नव्हे. आणि मागवताना हात आखडता घ्या. चरबी एवढी असते की चार-पाच तुकड्यांनंतर जीभ कंटाळते.