व्यंग आणि व्यंग्य

राजकीय व्यंगचित्राचा विचार करताना मराठीतील दोन शब्दांकडे लक्ष जाते. ‘व्यंग’ म्हणजे शरीरातील उणीव, तर ‘व्यंग्य’ म्हणजे साहित्यशास्त्रातील सूचित अर्थ. व्यंगचित्राचा व्यवहार या दोहोंशीही असतो. मात्र त्यांपैकी कोणत्याला तो प्राधान्य देतो, यावर त्याचे वाङ्मयीन मोल ठरते. अमेरिकेतील 1884 च्या अध्यक्षीय निवडणुकीत हा भेद विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जेम्स ब्लेन यांच्यावर रेल्वे कंपन्यांवर मेहेरबानी करून लाभ उठविल्याचा आरोप होता. ‘मलिगन पत्रे’ या नावाने ओळखला जाणारा त्यांचा पत्रव्यवहार 1876 पासूनच गाजत होता. न्यू यॉर्कच्या ‘पक’ साप्ताहिकात बर्नहार्ड गिलम याने या आरोपांना ब्लेन यांच्या देहावरच स्थान दिले. त्याने त्यांना अंगभर गोंदलेला मनुष्य म्हणून रंगविले. 4 जून 1884 च्या त्याच्या प्रसिद्ध चित्रास फ्राइनीच्या कथेचा आधार आहे. प्राचीन अथेन्समधील या गणिकेवर खटला चालला असता वकिलाने तिचे वस्त्र दूर केले आणि तिच्या सौंदर्याने दिपून न्यायाधीशांनी तिला सोडून दिले, अशी ती कथा. तिच्यावरील जेरोम या फ्रेंच चित्रकाराचे 1861 चे चित्र गिलमने आदर्श म्हणून घेतले. त्याच्या चित्रात मात्र वस्त्र दूर होताच दिसतात ती लाचखोरीची गोंदणे! मूळ कथेत ज्या कृतीने मुक्तता झाली, तीच येथे दोष उघड करते.

दुसऱ्या बाजूचे हत्यार निराळे होते. डेमोक्रॅटिक उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या विवाहबाह्य अपत्याचे प्रकरण त्या वर्षी उघडकीस आले होते. ‘जज’ साप्ताहिकात सप्टेंबरमध्ये फ्रँक बियर्ड याने आईच्या कडेवरील, बापासाठी आक्रोश करणारे मूल काढले. चित्र परिणामकारक आहे, यात शंका नाही. परंतु या हास्याची किंमत उमेदवाराइतकीच त्या माउलीला आणि अजाण बालकालाही द्यावी लागली. उपहासाला पात्र कोण, हा प्रश्न येथे चित्रकाराने स्वतःस विचारलेला दिसत नाही.

तिसरे चित्र वॉल्ट मॅक्डूगल याचे. 29 ऑक्टोबरच्या रात्री ब्लेन यांनी न्यू यॉर्कमधील डेल्मोनिकोच्या उपाहारगृहात धनाढ्यांसमवेत भोजन घेतले. दुसऱ्याच दिवशी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’च्या पहिल्या पानावर ते बायबलमधील बेल्शस्सर राजाच्या मेजवानीच्या रूपाने अवतरले. पुढ्यातील पक्वान्नांना मक्तेदारीसारखी नावे आहेत आणि मेजासमोर एक दरिद्री कुटुंब हात पसरून उभे आहे. बेल्शस्सराचा त्याच रात्री अंत झाला, हे बायबल जाणणाऱ्या वाचकास सांगावे लागत नाही. ते भाकीत वाचकाच्या मनातच पुरे होते; यालाच आपण व्यंग्य म्हणतो.

4 नोव्हेंबरच्या मतदानात न्यू यॉर्क राज्यातील अकरा लाखांहून अधिक मतांपैकी हजारभर मतांच्या फरकाने क्लीव्हलंड विजयी झाले, आणि त्या राज्याच्या 36 प्रतिनिधी-मतांनी अध्यक्षपदाचा निर्णय लागला. हा चमत्कार मॅक्डूगलच्या चित्राने घडविला, असे सांगण्याचा मोह होतो. तथापि त्याच 29 ऑक्टोबरला ब्लेन यांच्या उपस्थितीत एका पाद्र्याने कॅथलिक मतदारांना डिवचणारे उद्गार काढले होते. इतक्या निसटत्या फरकाचे श्रेय कोणत्याही एका कारणास देता येणार नाही.

त्यामुळे या चित्रांची योग्यता मतांच्या संख्येने मोजणे उचित नव्हे. चित्र आरोप करते. पुरावा देण्याचे अथवा उत्तर ऐकण्याचे बंधन ते मानत नाही. गोंदलेला मनुष्य पाहणाऱ्यास मलिगन पत्रे वाचण्याची गरजही भासली नसेल. हे सामर्थ्य जितके मोठे, तितकाच चित्रकाराचा विवेकही मोठा असावयास हवा. गिलमचे चित्र समजण्यास आज ब्लेन यांचे चरित्र धुंडाळावे लागते. मॅक्डूगलच्या चित्रातील यजमानाचे नाव विसरले, तरी भरलेले ताट आणि त्यासमोरचे रिकामे हात यांचा अर्थ कळतोच.