निर्धूर चुलीचे धुराडे आणि घराचे लाकूडकाम : सुरक्षित अंतराचा विचार

प्रस्तावना :
१९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातून धुराड्याची चूल महाराष्ट्राच्या खेड्यांत पोहोचली. हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसजोडण्या दिल्या, तथापि जानेफळसारख्या (ता. मेहकर, जि. बुलडाणा) कापूसपट्ट्यातील गावांत पऱ्हाट्या-तुराट्यांवर पेटणारी चूल नाहीशी झालेली नाही. धुराडे धूर बाहेर नेते. परंतु मातीच्या धाब्याच्या वा कवेलूच्या घरात ते तुळया-वाशांमधून काढल्यास उष्णताही लाकडापर्यंत पोहोचते.

उष्णता आणि लाकूड :
लाकूड साधारणतः २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेते. मात्र त्याहून बरीच कमी उष्णताही वर्षानुवर्षे मिळत राहिल्यास लाकूड आतून कोरडे होते, त्याचा पृष्ठभाग करपतो आणि ते कमी तापमानाला पेटण्याची शक्यता वाढते. म्हणूनच 'इतक्या वर्षांत काही झाले नाही' हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. दुसरा धोका काजळीचा होय. ओल्या सरपणामुळे नळीत डांबरासारखा थर साचतो. तो पेटल्यास नळीतील तापमान १००० अंशांवर जाऊ शकते.

सुरक्षित अंतर :
अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २११ क्रमांकाच्या मानकानुसार लोखंडी शेगडीची एकपदरी नळी उघड्या लाकडापासून १८ इंच (सुमारे ४६ सेंमी) दूर असावी. ती छतातून थेट नेऊ नये. लाकडापासून १ इंच सोडून पत्र्याचा आडोसा लावल्यास हे अंतर कमी करता येते, कारण त्या फटीतून वर जाणारी हवा उष्णता वाहून नेते. मातीच्या चुलीचा जाळ लहान असल्याने हा आकडा तिला जसाच्या तसा लागू होत नाही. तत्त्व मात्र तेच आहे. नळी व वासा यांमधील फट चिखलाने लिंपणे हा उपाय नव्हे. माती जळत नाही, परंतु तापते आणि ती उष्णता लाकडाला देते.

समारोप :
धुराडे शक्यतो वाशांपासून दूर, जाड मातीच्या किंवा विटांच्या भिंतीतून काढावे, सरपण वाळलेले वापरावे आणि काजळी नियमित झाडावी. चूल तासभर पेटल्यानंतर नळीजवळच्या लाकडावर तळहात टेकवून ठेवता येत नसेल, तर अंतर निश्चितच अपुरे आहे. ही परीक्षा कोणत्याही घरात विनाखर्च करता येते.