दोन जुन्या गाड्या, घ्यायची कोणती?

आजचा विषय थेट माझ्या खिशातला. बजेट दोन लाख, आणि समोर दोन जुन्या वॅगनआर. पहिली २०१४ची, मीटरवर ३८,००० किलोमीटर, एकदम चकाचक. दुसरी २०१३ची, ८६,००० किलोमीटर, दाराला पोचा.

मन पहिलीवरच बसलं होतं. पण ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं, तर पार गुळगुळीत! एवढ्या कमी चाललेल्या गाडीचं असं होतं का? सर्व्हिसची बिलं मागितली, तर म्हणे हरवली. आरसीवर बँकेच्या कर्जाची नोंद अजून तशीच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देणं म्हणजे डोकेदुखी विकत घेणं.

दुसरीची सगळी बिलं फाइलला लावलेली. सकाळी थंड इंजिन पहिल्याच चावीला सुरू, धूर नाही. फक्त २०२८ला तिची पंधरा वर्षं भरतात. मग फिटनेस तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स. तो खर्च धरूनच भाव केला, आणि तीच घेतली.

मीटरचा आकडा मागे नेता येतो, मंडळी. म्हणून आधी पेडल बघा, मग पॉलिश. भेटू पुढच्या भागात!