कुत्र्याने किडा खाल्ला तर?

आमच्या प्रयोगशाळेच्या आवारात काही वर्षांपूर्वी काळू नावाचा एक कुत्रा होता. तो कोणा एकाचा नव्हता. पहारेकरी त्याला भाकरी घालत आणि विद्यार्थी बिस्किटे. पावसाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी दिव्याच्या खांबाखाली पंख फुटलेली वाळवी, रातकिडे, नाकतोडे, भुंगेरे यांचा खच पडे. काळू तिथे जाऊन बसे आणि तासभर एकेक किडा टिपून खाई. आम्ही सारे ते गंमत म्हणून पाहत असू.

एकदा त्याने मधमाशी तोंडात धरली. थोड्याच वेळात त्याचे तोंड एका बाजूने टम्म सुजले. सगळ्यांची धावपळ झाली, पशुवैद्य आले आणि दुसऱ्या दिवशी सूज उतरली. त्यानंतर दोनेक वर्षांनी काळू खाल्लेले अन्न लगेच बाहेर टाकू लागला आणि वाळत चालला. घशात हाड अडकले असावे असे आम्हांला वाटले. दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा अन्ननलिकेत गाठ दिसली. त्या गाठीत कृमी होते आणि ते काळूच्या शरीरात बहुधा शेणकिड्यांमधून आले होते. तोवर गाठ कर्करोगाची झाली होती. काळू वाचला नाही.

मधमाशीने आम्हांला घाबरवले होते. शेणकिड्याकडे आमचे लक्षही गेले नव्हते. पुढे शिक्षकांच्या एका शिबिरात ‘कुत्र्याने कोणते किडे खाल्लेले चालतात?’ असा प्रश्न आला, तेव्हा आम्हांला काळूची आठवण झाली. या प्रश्नाला उत्तर म्हणून लोकांना यादी हवी असते. पण जगात नावे दिलेले कीटकच सुमारे दहा लाख जातींचे आहेत. त्यांची यादी कोण पाठ करणार? त्यापेक्षा असे विचारावे, की किडा खाल्ल्याने अपाय होतो तो कोणत्या मार्गाने? हे मार्ग मोजकेच आहेत आणि ते समजले तर अनोळखी किड्याविषयीही अंदाज बांधता येतो.

किडे हे अन्नच आहे

कुत्र्याने किडा खाणे यात अनैसर्गिक काही नाही, हे प्रथम लक्षात घेऊ. कुत्र्याच्याच कुळातले आपल्या माळरानावरचे खोकड वाळवी, नाकतोडे, भुंगेरे आवडीने खाते. कोल्हाही खातो. किड्याच्या शरीरात प्रथिने आणि चरबी भरपूर असते. काळ्या सैनिक माशीच्या वाळवलेल्या अळ्या प्रौढ कुत्र्यांच्या खाद्यात वापरण्यास अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. रातकिडे आणि पिठातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या यांपासूनही आज श्वानखाद्य बनवले जाते.

किड्याचे बाहेरचे कवच मात्र कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे असते. ते कुत्र्याला फारसे पचत नाही. म्हणून नाकतोडे जास्त खाल्ले तर उलटीत किंवा विष्ठेत पाय आणि पंख जसेच्या तसे दिसतात. एखाद्या वेळी पोट बिघडते, यापलीकडे सहसा काही होत नाही. घरमाशी, पतंग, रातकिडा, नाकतोडा, पंखवाली वाळवी हे एखाददुसरे खाल्ले तर काळजीचे कारण नाही.

टोचलेले विष आणि खाल्लेले विष

मराठीत ‘विष’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक विष टोचावे लागते, तर दुसरे पोटात जावे लागते. पहिल्याला दंशविष आणि दुसऱ्याला भक्ष्यविष म्हणू.

मधमाशीचे विष दंशविष आहे. त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग मेलिटिन नावाच्या पदार्थाचा असतो. मेलिटिन म्हणजे २६ अमिनो आम्लांची साखळी. हे विष कातडीखाली गेले तर पेशींची आवरणे फोडते; म्हणून आग होते आणि सूज येते. तेच जठरात गेले तर पाचकरस त्या साखळीचे तुकडे करतात, जसे ते डाळीतल्या प्रथिनांचे करतात. याचा अर्थ पोटात गेलेल्या मधमाशीची भीती कमी. खरी भीती असते ती तोंडातून पोटात जाण्याच्या वाटेवर. जिभेला किंवा घशाला डंख बसला आणि तिथे सूज आली, तर श्वासमार्ग बंद होऊ शकतो. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती कातडीत रुतून राहते आणि माशीपासून सुटल्यावरही विष आत ढकलत राहते. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

मात्रेचा विचारही करायला हवा. सस्तन प्राण्यांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे २० डंख घातक मानले जातात. १५ किलोच्या कुत्र्याला ही मात्रा ३०० डंखांची होते, तर दोन किलोच्या पिलाला अवघ्या ४० डंखांची. आग्या माशीचे मोहोळ उठले, तर ४० डंख बसायला कितीसा वेळ लागतो? याला एक अपवाद आहे. ज्या प्राण्याला या विषाची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत हे गणित चालत नाही. त्याला एकच डंख पुरतो.

आता भक्ष्यविषाकडे वळू. बाजरीच्या कणसांवर आणि भेंडीच्या फुलांवर पावसाळ्यात जे भुंगेरे येतात, त्यांतल्या काहींना शेतकरी ‘हिंगे’ म्हणतात. हे चिरडले तर कातडीवर फोड येतात. त्यांच्या रक्तात कँथारिडिन नावाचे रसायन असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रोबिके यांनी १८१० साली ते वेगळे काढले. भुंगेऱ्याला डिवचले की तो पायांच्या सांध्यांतून ते रक्त बाहेर सोडतो. नराकडून हे रसायन मीलनाच्या वेळी मादीला मिळते आणि त्यामुळे अंड्यांचेही रक्षण होते.

कँथारिडिन प्रथिन नाही. पाचकरस त्याचे काही बिघडवू शकत नाहीत आणि वाळवल्यानेही ते नाहीसे होत नाही. म्हणून अमेरिकेत सुक्या लसूणघासाबरोबर पोटात गेलेल्या मेलेल्या भुंगेऱ्यांमुळे घोडे दगावतात. घोड्यासाठी घातक मात्रा दर किलो वजनामागे सुमारे १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मानतात. एका भुंगेऱ्यात जातीप्रमाणे मिलिग्रॅमच्या अंशापासून काही मिलिग्रॅमपर्यंत कँथारिडिन सापडते. घोड्याचा आकडा कुत्र्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही दोन किलोच्या पिलाच्या बाबतीत एकदोन भुंगेरेही हसण्यावारी नेऊ नयेत, इतके या आकड्यांवरून कळते. तोंडात फोड, लाळ, पोटदुखी, लघवीतून रक्त ही याची लक्षणे आहेत.

रुईच्या पानांवर वाढणारे केशरी रंगाचे प्लेन टायगर फुलपाखरू रुईच्या चिकातली, हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये अंगात साठवू शकते. मात्र अशा किड्यांचा भडक रंग आणि कडू चव हीच ‘मला खाऊ नका’ अशी पाटी असते. चार्ल्स डार्विन केंब्रिजला विद्यार्थी असताना दोन्ही हातांत भुंगेरे होते म्हणून त्याने एक भुंगेरा तोंडात धरला. त्याने सोडलेल्या जळजळीत द्रवाने डार्विनची जीभ भाजली आणि तो त्याला थुंकून द्यावा लागला. बहुतेक कुत्रे हेच करतात. पण सगळ्यांनाच ते जमते असे नाही. अमेरिकेतल्या एका कुत्र्याच्या टाळूला १६ लेडीबर्ड भुंगेरे चिकटून बसले होते आणि त्यांच्या स्रावाने तोंडातली त्वचा भाजली होती. ही नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली.

केसांचे शस्त्र

सुरवंटाचे शस्त्र म्हणजे त्याचे केस. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात सुरवंटांचे थवे आपण पाहतो. त्यांचे केस बोटांत रुतले की खाज सुटते. कुत्रा मात्र सुरवंट हुंगतो, चाटतो. त्यामुळे केस थेट नाकात, ओठांत आणि जिभेत शिरतात. दक्षिण युरोपात पाइनच्या झाडांवरून ओळीने चालत उतरणाऱ्या सुरवंटांमुळे कुत्र्यांच्या जिभेचा भाग काळा पडून गळून गेल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे २०२२ च्या पावसाळ्यात घोणस अळीच्या डंखाने अनेक शेतकरी हैराण झाले होते. तिच्या अंगावरचे काटे विषारी असतात. माणसाच्या हाताला जे सोसवत नाही, ते कुत्र्याच्या जिभेला कसे सोसवेल? केसाळ किंवा काटेरी अळी कोणतीही असो, तिच्यापासून कुत्रा दूर ठेवावा.

किड्यातले पाहुणे

आता काळूच्या आजाराकडे येऊ. शेणकिडा स्वतः विषारी नाही, डंख मारत नाही आणि चवीलाही वाईट नसावा, कारण काळू तो कुरकुरीत आवाज करत खाई. पण शेणकिडा जनावरांची विष्ठा खातो, आणि तिच्यात कुत्र्याचीही विष्ठा आली. स्पायरोसेर्का लुपी नावाच्या कृमीची अंडी रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. शेणकिडा ती खातो आणि त्याच्या शरीरात अळ्या वाढतात. तो किडा दुसऱ्या कुत्र्याने खाल्ला की अळ्या जठराच्या भिंतीतून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात आणि तिथून सरकत छातीतल्या महारोहिणीपर्यंत पोहोचतात. तिथे सुमारे तीन महिने काढून त्या शेजारच्या अन्ननलिकेत जातात आणि गाठ करून राहतात. किडा खाल्ल्यापासून विष्ठेत अंडी दिसेपर्यंत पाच-सहा महिने जातात. इतक्या महिन्यांपूर्वी खाल्लेला किडा कोणाच्या लक्षात राहणार?

हा कृमी उष्ण प्रदेशांत आढळतो आणि भारतातही आहे. शेणकिडा खाल्लेल्या कोंबड्या, पाली, उंदीर यांच्या शरीरातही त्याच्या अळ्या तग धरून राहतात. म्हणून कोंबडीची कच्ची आतडी कुत्र्यापुढे टाकणे हाही त्याच साखळीतला एक दुवा ठरू शकतो. रोग लवकर ओळखला गेला तर औषधांनी कृमी मरतात. काळूच्या बाबतीत आम्हांला उशीर झाला.

दुसरा पाहुणा अधिक परिचित आहे. कुत्रा अंग चावताना पिसवा गिळतो. पिसवेच्या शरीरात डायपायलिडियम या पट्टकृमीची बाल्यावस्था असू शकते. दोनतीन आठवड्यांत कुत्र्याच्या शेपटीखाली काकडीच्या बीसारखे किंवा तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसू लागतात. पिसू चुकून लहान मुलाच्या पोटात गेली तर हा कृमी मुलालाही होतो. म्हणून नुसते जंताचे औषध देऊन भागत नाही. पिसवाही घालवाव्या लागतात.

किड्याला आपण घातलेले विषही विसरू नये. औषध फवारलेल्या एका झुरळात विष अत्यल्प असते. त्याहून मोठा धोका झुरळांसाठी ठेवलेली पूड किंवा आमिष कुत्र्याने चाटण्याचा असतो.

काय करावे?

तोंडात डंख बसला असेल आणि काटा दिसत असेल तर तो ताबडतोब काढावा. काढायच्या पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाचा. श्वास घरघरत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, कुत्रा लटपटत असेल किंवा एकसारखा ओकत असेल, तर घरी उपाय करत बसू नये, पशुवैद्याकडे न्यावे. सुरवंटाचे केस लागले असतील तर हातमोजे घालून वाहत्या पाण्याने तोंड धुवावे, चोळू नये. आपली औषधे त्याला मनाने देऊ नयेत आणि मुद्दाम ओकारी काढू नये. कोणता किडा होता हे कळावे म्हणून उरलेला भाग चिमट्याने उचलून डबीत ठेवावा.

शाळेत हा विषय एका तासात घेता येईल. विद्यार्थ्यांनी आठवडाभर घराजवळच्या दिव्याखालचे कीटक, हात न लावता, पाहावेत आणि वहीत चार रकाने करावेत: टोचतो का, अंगात विष किंवा भडक रंग आहे का, केस किंवा काटे आहेत का, आणि हा काय खातो. पहिले तीन रकाने मुले भराभर भरतील. चौथ्यावर मात्र वर्गात चर्चा व्हावी. किडा काय खातो, त्यावर त्याच्यातून काय पुढे जाईल हे ठरते. कुत्र्याची विष्ठा उचलून पुरली किंवा विल्हेवाट लावली, तर शेणकिड्याला ती अंडी मिळत नाहीत आणि साखळी तिथेच तुटते.

आमच्या आवारात आता दोन नवे कुत्रे आहेत. दिव्याखाली ते रातकिडे खातात, आणि त्याला आमची हरकत नसते. त्यांची विष्ठा मात्र रोज सकाळी उचलली जाते आणि वर्षातून दोनदा पशुवैद्य येऊन त्यांना तपासून जातात.